पाटीवर बारा, पोटात चौदा : एका जुन्या कब कॅडेट ट्रॅक्टरच्या अनोळखी भागांचे प्रकरण

इलिनॉय राज्यातल्या एका शेतावरच्या कोठारातून मी कब कॅडेट १२२ हा बागकामाचा ट्रॅक्टर आणला, तेव्हा त्याची चौकट, चाके आणि गिअरपेटी एवढेच जागेवर होते. इंजिन एका लाकडी पाटावर वेगळे ठेवलेले होते आणि उरलेले सगळे सामान दोन बादल्यांत व एका क्रेटमध्ये भरलेले होते. ज्यांनी तो ट्रॅक्टर उघडला ते गृहस्थ काही वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या मुलाला एवढेच आठवत होते की वडिलांकडे अशा जातीचे दोन-तीन ट्रॅक्टर होते आणि एकाचे सामान दुसऱ्याला लावण्याची त्यांना सवय होती. या एका वाक्याकडे मी त्या दिवशी पुरेसे लक्ष दिले नाही. पुढे जे घडले ते बरेचसे त्यामुळेच घडले.

यंत्राची थोडी पूर्वपीठिका सांगणे आवश्यक आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीने कब कॅडेटची मालिका १९६० च्या अखेरीस केंटकी राज्यातल्या लुइव्हिल इथल्या कारखान्यात सुरू केली. त्याच कारखान्यात १९४७ पासून फार्मऑल कब हा छोटा शेती-ट्रॅक्टर तयार होत होता, आणि कब कॅडेटच्या गिअरपेटीची घडण त्यावरूनच घेतलेली आहे. १२२ हे मॉडेल १९६५ ते १९६७ या काळातले. त्याला विस्कॉन्सिनमधल्या कोहलर कंपनीचे के३०१ हे एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, १२ अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले असे. इंजिनाकडून गिअरपेटीकडे ताकद पट्ट्याने जात नाही, ती शाफ्ट आणि कोरड्या क्लचमार्फत जाते. मोठ्या ट्रॅक्टरची रचना लहान आकारात बसवलेली असल्यामुळे यातले पुष्कळ भाग, केवळ गवत कापण्याची यंत्रे पाहिलेल्या माणसाला अनोळखी वाटतात.

सामान धुण्याआधी मी स्वतःवर एक बंधन घातले, की ओळख पटेपर्यंत कोणताही भाग चकाकेपर्यंत घासायचा नाही. रॉकेलमध्ये मऊ ब्रशने वंगण काढायचे, फोटो घ्यायचा, क्रमांकाची चिठ्ठी बांधायची आणि थांबायचे. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावला की गंज जातो, पण त्याबरोबर रंगाचे थर, वॉशरचा गोल ठसा, एका बाजूची घासण आणि तेलाची काळी रेघही जाते. भाग कुठे बसत होता हे सांगणारी खूण बहुतेक वेळा तीच असते. सुट्या भागांची यादी हाताशी होती, तरी तिचा उपयोग लगेच होत नाही, कारण त्या यादीतली चित्रे क्लच, स्टिअरिंग, इंजिन अशा गटांनी लावलेली असतात. हातातला तुकडा कोणत्या गटातला आहे हेच ठाऊक नसेल तर पाने उलटत बसावे लागते.

ओतीव भागांवरचे आकडे मात्र फार कामाला आले. इंटरनॅशनलच्या क्रमांकांच्या शेवटी ‘आर१’, ‘आर२’ किंवा ‘सी१’ अशी शेपटी असते. शेपटीतला आकडा नऊने सुरू झाला, म्हणजे ‘आर९१’ असे लिहिलेले असले, तर तो क्रमांक एका सुट्या तुकड्याचा नसून जोडून तयार झालेल्या संचाचा असतो. १९८१ मध्ये हा उद्योग दुसऱ्या मालकाकडे गेला, तरी जुने आकडे पुढे ‘आयएच’ हे उपपद लावून चालत राहिले, म्हणून आजही ते शोधता येतात. यात एक फसगत संभवते. बिडाच्या अंगावर उठलेला आकडा ओतकामाचा असतो, आणि तेच ओतकाम दोन वेगवेगळ्या ठिकाणी भोके पाडून दोन वेगळे भाग म्हणून विकलेले असू शकते. त्यामुळे आकडा जुळला तरी भोके मोजावीच लागतात.

दुसरी चाळण आट्यांची. १९६६ च्या सुमाराच्या अमेरिकी यंत्रात इंची आटे असणार हे गृहीत धरता येते. तरीही ५/१६ इंची, इंचाला १८ आट्यांचा बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा नेहमीचा बोल्ट हाताला सारखेच लागतात. पहिल्याचा व्यास ७.९४ मिलिमीटर आणि आट्यांतले अंतर १.४१ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा व्यास ८ आणि अंतर १.२५. नट दोन फेऱ्या जातो आणि मग अडतो. असा अडलेला नट गंजाने अडला असे समजून पाना लावला की आटे गेलेच. आट्यांचा गेज लावल्यावर क्रेटमधल्या सामानापैकी एक कंस, दोन स्टड आणि बरेचसे बोल्ट मिलिमीटरचे निघाले. ते या ट्रॅक्टरचे नाहीत एवढे ठरले आणि ते बाजूला गेले.

पहिला खरा प्रश्न स्टार्टरचा होता. इंजिनाला स्टार्टर नव्हता आणि फ्लायव्हीलला, म्हणजे क्रँकशाफ्टवरच्या जड चाकाला, दातांची कडीही नव्हती. बादलीत एक जड, लांबट नळकांडे होते, त्याच्या एका टोकाला पट्ट्याची पुली आणि अंगावर ‘ए’ व ‘एफ’ अशी दोन टोके. मी ते जनरेटर म्हणून नोंदवले आणि हरवलेल्या स्टार्टरचा शोध चालू ठेवला. शंका आली ती वायरींमुळे. बॅटरीकडून आलेली जाड वायर, जी स्टार्टरला हवी, तिचे टोक नेमके या नळकांड्याच्या ‘ए’ स्क्रूच्या जाडीचे होते. जनरेटरला एवढी जाड वायर कशाला लागेल? मग मेजावर चाचणी घेतली. नळकांडे मेजावरच्या शिकंज्यात घट्ट आवळले, ‘एफ’ टोक त्याच्याच अंगाला जोडले, १२ व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक अंगाला आणि धन टोक ‘ए’ला लावले, तशी पुली मोटरसारखी फिरू लागली. हा एकच भाग सुरुवातीला पट्ट्याने इंजिन फिरवतो आणि इंजिन चालू झाले की त्याच पट्ट्याने स्वतः फिरून बॅटरी भरतो. हरवलेला स्टार्टर मुळात नव्हताच. ज्यांच्याकडे असा भाग येईल त्यांनी बसवल्यावर रेग्युलेटरच्या, म्हणजे बॅटरी भरण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या भागाच्या, ‘बॅट’ आणि ‘जेन’ या टोकांना क्षणभर वायर टेकवून ध्रुव ठरवून घ्यावेत, नाहीतर चांगला भागही बिघडल्यासारखा वागतो.

क्रेटच्या तळाशी एक तपकिरी फायबरची टिकली सापडली, बोटाच्या पेराएवढी, मागे छोटा दांडा असलेली. आधी ती खिडकीच्या किंवा एखाद्या झाकणाच्या खुंटीसारखी वाटून मी टाकून देणार होतो. खिडकीच्या उजेडात तिरपी धरली तेव्हा तिच्या तोंडावर एकात एक अशी बारीक वर्तुळे दिसली, रेकॉर्डच्या तबकडीवर दिसतात तशी, आणि मध्यभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला होता. दांड्याची बाजू मात्र कोरी. म्हणजे दांडा स्थिर होता आणि तोंडासमोर काहीतरी वेगाने फिरत होते. या ट्रॅक्टरवर स्थिर दांडा फिरत्या वस्तूच्या केंद्रावर दाबला जाईल अशी जागा एकच आहे, ती म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरचा, कापणीच्या पात्यांना ताकद देणारा क्लच. तो सोडवण्यासाठी दांडी ओढली की ही टिकली मधोमध दाबली जाते. वर्तुळांनी जे सांगितले ते कोणत्याही आकड्याने सांगितले नसते, कारण टिकलीवर आकडाच नव्हता.

त्यानंतरची अडचण जास्त दिवस चालली. बादलीत क्लचचे दोन शाफ्ट होते. दोन्हींची जाडी एक, पिनांची भोके सारखी, पण एक काही इंच आखूड होता. लांब शाफ्ट चौकटीत धरून पाहिला तर इंजिनापासून गिअरपेटीपर्यंत बरोबर पोचत होता. म्हणून आखूड शाफ्ट दुसऱ्या एखाद्या यंत्राचा, असे मी ठरवून टाकले. क्रेटमध्ये एक बिडाची लहान पेटी होती, दोन्ही बाजूंना एकाच रेषेत शाफ्टची टोके आणि वर एका दांडीचा खुंट. ती मी हायड्रॉलिक पंप म्हणून नोंदवली, कारण अशा ट्रॅक्टरांना मागून अवजार उचलण्याची सोय बसवलेली मी पाहिली होती.

माझे मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षे ऑइल इंजिने बांधत आले आहेत. रविवारच्या बोलण्यात मी त्यांना फोनवर त्या पेटीचे फोटो दाखवले आणि म्हणालो, “मामा, हा पंप उघडायचा म्हणतोय, तुम्ही एकदा बघता का?” त्यांनी पेटी चारी बाजूंनी फिरवायला लावली आणि म्हणाले, “आरं, ह्यो पंप न्हवं. पंपाला तेल आत यायला आन भाईर जायला वाट नको व्हय? ह्याला वाट कुठं हाय?”

खरोखरच पेटीला कुठेही नळी जोडण्याचे भोक नव्हते. एका बाजूने फिरणे आत जाते, दुसऱ्या बाजूने फिरणेच बाहेर येते, मग मध्ये फक्त वेग बदलत असला पाहिजे. दांडीचा खुंट एका जागी ठेवून एक टोक फिरवले तेव्हा दुसरे तितकेच फिरले. खुंट सरकवल्यावर चार फेऱ्यांना दुसरे टोक जवळपास एकच फेरी फिरले. तेव्हा आखूड शाफ्टचाही उलगडा झाला. पेटीची लांबी आणि दोन शाफ्टांतला फरक मोजला, तो जुळला. हा या ट्रॅक्टरसाठी जादा घेता येणारा मंदगती गिअर होता. तो गिअरपेटीच्या तोंडावर बसतो आणि तो बसवला की क्लचचा शाफ्ट आखूडच लागतो. बर्फ ढकलताना किंवा माती फिरवताना ट्रॅक्टर माणसाच्या सावकाश चालीपेक्षाही हळू चालवता यावा, हा त्याचा उपयोग. लांब शाफ्ट चौकटीत बसत होता म्हणून आखूड शाफ्ट परका, हा माझा तर्क दिसायला बरोबर होता, पण दोन अनोळखी भाग एकमेकांचे शेजारी असू शकतात ही शक्यता मी तपासली नव्हती. दोन वेगळ्या डब्यांत पडलेल्या वस्तू माझ्या नोंदवहीतही दोन वेगळ्या पानांवर होत्या.

या प्रकरणाचा मुख्य भाग इंजिनाचा आहे, आणि मी खर्चिक चूक केली तीही तिथेच.

इंजिनाच्या पंख्यावरच्या पत्र्याच्या आवरणाला कंपनीची पाटी होती. तिच्यावर के३०१ स्पष्ट वाचता येत होते. ट्रॅक्टर १२२, त्याला इंजिन के३०१ असायला हवे, पाटीही तेच सांगते, त्यामुळे मापे न घेता मी पिस्टनच्या रिंगांचा संच के३०१ च्या मूळ मापाचा, म्हणजे ३ ३/८ इंची, मागवला. रिंगा येईपर्यंत खालची तेलाची थाळी काढली. आत क्रँकशाफ्टच्या बाजूला, ब्लॉकमध्ये ठोकून बसवलेल्या दोन आखूड आसांवर, दोन गिअर होते. प्रत्येकाच्या एका बाजूला बिडाचा जाड अर्धगोल वजनासारखा ओतलेला होता. दोन्हींचे दात क्रँकशाफ्टवरच्या गिअरशी जुळलेले होते, पण त्यांच्यापासून पुढे काहीच फिरत नव्हते. व्हॉल्व्ह, तेल, इग्निशन यांपैकी कशाशीही त्यांचा संबंध नव्हता. १२२ च्या भागांच्या यादीतल्या इंजिनाच्या चित्रात असे गिअरच नव्हते.

त्यांचे काम समजून घ्यायला वेळ लागला, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली जातो तेव्हा सगळे इंजिन त्याबरोबर हादरते. क्रँकशाफ्टवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवले तर वर-खाली हादरा कमी होतो, पण तेच वजन अर्ध्या फेरीच्या मध्यावर आडवे आले की ते इंजिनाला बाजूला ओढते, कारण त्या वेळी त्याला विरोध करायला पिस्टनचा हादरा नसतो. म्हणून क्रँकवर निम्म्याच हादऱ्यापुरते वजन ठेवतात आणि उरलेल्या निम्म्यासाठी क्रँकच्याच वेगाने पण उलट दिशेने फिरणारी वजने देतात. वर-खाली जाताना क्रँकवरचे वजन आणि उलट फिरणारी वजने एकत्र पिस्टनच्या विरुद्ध असतात, आणि आडवी येतात तेव्हा क्रँकवरचे एका बाजूला व उलट फिरणारी दुसऱ्या बाजूला असल्याने एकमेकांना रद्द करतात. क्रँकशी थेट दातांनी जुळलेला गिअर आपोआपच उलट फिरतो. म्हणजे ते दोन अनोळखी गिअर तोल साधणारे होते. कोणतीही ताकद पुढे न नेणारा भाग निरुपयोगी असतो असे माझ्या मनात नकळत धरलेले होते, त्यामुळे मी त्यांच्याकडे तीन दिवस चुकीच्या बाजूने पाहत होतो.

असे गिअर कोहलरच्या के मालिकेतल्या मोठ्या, आणि नंतरच्या काळातल्या, इंजिनांत येतात. मग ते १९६६ च्या ट्रॅक्टरवर कसे? त्याच सुमाराला रिंगा आल्या. रिंग सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलली, आणि तिच्या दोन टोकांमध्ये माझी करंगळी मावेल एवढी फट राहिली. ही फट इंचाच्या काही शतांशांपेक्षा जास्त असायला नको. सिलिंडर झिजला म्हणावे तर हिशेब बसत नव्हता. व्यास जेवढा वाढतो त्याच्या तीनपटीहून थोडी जास्त फट वाढते, तेव्हा ०.००६ इंच झीज धरली तरी फटीत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची भर पडते. करंगळीएवढ्या फटीसाठी सिलिंडर तीन मिलिमीटरने मोठा असायला हवा होता, आणि तीन मिलिमीटर झिजलेले इंजिन चालूच शकत नाही.

तेव्हा सुरुवातीलाच करायचे काम केले आणि सिलिंडर मोजला. रिंगा जिथपर्यंत पोचत नाहीत ती सिलिंडरची वरची अरुंद पट्टी झिजलेली नसते, आणि मूळ माप तिथेच मिळते. नखाने चाचपले तर तिथे बारीक कड लागते. त्या कडेच्या वर गेज लावून मायक्रोमीटरवर वाचले, ३.५०० इंच. खाली, पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो त्या दिशेने, ३.५०६. के३०१ चा व्यास ३.३७५ इंच. ३.५०० हा के३२१ चा. दोघांचाही स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ३.२५ इंच, त्यामुळे बाहेरून ही इंजिने सख्ख्या भावांसारखी दिसतात. पहिल्याचे घनमान २९.०७ घनइंच आणि ताकद १२ अश्वशक्ती, दुसऱ्याचे ३१.२७ घनइंच आणि १४ अश्वशक्ती. के३२१ कब कॅडेटमध्ये १९६९ च्या १४७ या मॉडेलपासून दिसते.

आता सगळे एका ओळीत आले. कोठारातल्या त्या गृहस्थांनी १२२ चे थकलेले इंजिन काढून दुसऱ्या ट्रॅक्टरचे १४ अश्वशक्तीचे इंजिन बसवले, आणि मूळ इंजिनाचे चांगले राहिलेले पत्र्याचे आवरण नव्या इंजिनाला लावले. पाटी आवरणावर होती, म्हणून ती आवरणाबरोबर आली. पाटी खोटी नव्हती, ती त्या पत्र्याबद्दल खरेच सांगत होती. मुलाने पहिल्याच दिवशी सामान मिसळल्याचे सांगितले होते, तरी मी ते बादल्यांतल्या सामानापुरते समजलो आणि पाटावरच्या इंजिनाला ते लावून पाहिले नाही.

तोल साधणाऱ्या गिअरांचे काय करायचे हा निर्णय सोपा नव्हता. खालच्या आसाच्या सुयांच्या बेअरिंगने आसावर खोल चरे पाडले होते आणि गिअर हाताने हलवला की टकटक आवाज येत होता. हा आस सुटला तर वजनदार गिअर फिरत्या क्रँकशाफ्टमध्ये अडकेल आणि ब्लॉक फुटेल. नवे आस व बेअरिंग घालून खुणा जुळवून ते पुन्हा बसवणे हा एक मार्ग. खुणा एका दाताने जरी चुकल्या तरी वजने चुकीच्या क्षणी ओढतात आणि हादरे वाढतात. मी दुसरा मार्ग घेतला, दोन्ही गिअर काढून टाकले. त्यामुळे इंजिन थोडे जास्त हादरेल हे मान्य आहे, पण या ट्रॅक्टरचे मूळ इंजिन अशा गिअरांशिवायच चालत असे आणि त्याची चौकट त्याच हिशेबाने बांधलेली आहे. काहींना हा निर्णय पटणार नाही. ते गिअर मी फेकले नाहीत. तेल लावून, कागदात गुंडाळून, कोणत्या बाजूचा कोणता ते लिहून ठेवले आहेत. मूळचे के३०१ मिळवून बसवावे असाही आग्रह मला झाला, पण ज्याने हा ट्रॅक्टर इतकी वर्षे वापरला त्याने केलेला बदल हाही या यंत्राचाच इतिहास आहे, असे मला मनापासून वाटते. सिलिंडर ०.०१० इंच मोठा बोअर करून, त्या मापाचा के३२१ चा पिस्टन आणि रिंगा घातल्या. के३०१ च्या रिंगा ज्याला लागतील त्याच्यासाठी कपाटात आहेत.

एकोणीस अनोळखी भागांपैकी सोळांची ओळख पटली. उरलेल्या तिघांपैकी दोन या ट्रॅक्टरचे नाहीत हे आट्यांवरून ठरले. तिसरा इंची आट्यांचा, हळूहळू निमुळता होत गेलेला पोलादी दांडा आहे. त्याच्या एका टोकाला पिवळ्या रंगाचा थर आहे आणि दुसरे टोक घासून चमकते. पिवळा रंग याच कंपनीचा आहे, म्हणून तो शेजारच्या कुठल्यातरी कब कॅडेटचा असावा. तो त्याच्या चिठ्ठीसह खिळ्याला टांगलेला आहे.

ट्रॅक्टर चालू झाल्यावर मी पत्र्यावरची जुनी पाटी काढली नाही. पितळेची एक पट्टी कापून तिच्यावर ‘के३२१, ३.५१०, तोलाचे गिअर काढले’ असे ठोकले, आणि ती आवरणावर न लावता ब्लॉकच्याच एका बोल्टखाली आवळली.